पॉलिमर क्लेमध्ये सोनकीचे कानातले

पॉलिमर क्लेचे काम हातात जितके बिघडते, त्याहून अधिक ओव्हनमध्ये बिघडते, म्हणून खरेदीपासूनच भाजणीचा विचार करावा. ही माती नावापुरतीच माती असून पीव्हीसीची बारीक भुकटी, तिला मऊ ठेवणारे द्रव्य आणि रंग यांचे ते मिश्रण असते. ती हवेत वाळत नाही. ठरावीक उष्णता मिळाली की तिचे कण एकजीव होऊन ती टणक होते. त्यामुळे साताऱ्यातल्या पावसाळ्यात, जेव्हा कॉर्नफ्लोअर आणि फेव्हिकॉलची घरगुती क्ले लवकर वाळत नाही, तेव्हाही हिचे काम अडत नाही. दुकानात हवेवर वाळणारी क्लेही शेजारीच मांडलेली असते. पाकिटावर भाजण्याचे तापमान छापलेले असेल तरच ते पाकीट घ्यावे.

शिकण्यासाठी सोनकीचे फूल सोयीचे आहे. पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ साली जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेले कास पठार सातारा शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर आहे, आणि पावसाळा सरता सरता तेथे ही पिवळी फुले उमलतात. फुले तोडण्यास तेथे मनाई आहे. जवळून काढलेले छायाचित्र नमुन्यासाठी पुरेसे होते.

क्ले प्रथम पाच-दहा मिनिटे मळावी. न मळलेली क्ले दुमडताच तडकते. पिवळ्यापूर्वी गडद रंग हाताळू नये, कारण पिवळ्यावर लालकाळ्याचा कणही लपत नाही. रंग बदलताना हात ओल्या वाइपने पुसावेत. काम चकचकीत फरशीच्या तुकड्यावर करावे, म्हणजे घडवलेली वस्तू न हलवता फरशीसकट भाजता येते.

पाकळीसाठी ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी घेऊन तिचे एक टोक बोटाने हलकेच वळून निमुळते करावे, ती फरशीवर दाबून चपटी करावी आणि सुईने मधोमध एक शीर ओढावी. निमुळती टोके आत येतील अशा रीतीने पाकळ्या वर्तुळात मांडाव्यात व मध्यावर गडद पिवळी गोळी बसवून जुन्या टूथब्रशच्या केसांनी ती टोचावी; परागांचा खरखरीतपणा याच टोचण्याने येतो आणि फूल खरे वाटते. फूल उलट्या बाजूनेही दिसणार असल्याने पाठीमागे पातळ गोल चकती लावावी, त्याने पाकळ्यांचे सांधेही पक्के होतात. कडी अडकवण्याचे छिद्र भाजण्यापूर्वीच टूथपिकने पाडावे. बोटांचे ठसे उमटले असतील तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर लावून बोट फिरवावे.

तापमान कंपनीगणिक वेगळे असते: फिमो साधारण ११० अंश सेल्सिअसला, तर स्कल्पी १३० अंशांना भाजतात, आणि सहा मिलिमीटर जाडीला १५ ते ३० मिनिटे लागतात. घरच्या ओटीजीचे बटण काही अंशांनी खोटे बोलते. म्हणून आत वेगळा ओव्हन थर्मामीटर ठेवावा आणि वस्तू तापत्या दांड्यांपासून दूर ठेवून वरून फॉइलचे झाकण घालावे. कमी भाजलेले फूल ठिसूळ राहते, पण ते पुन्हा भाजता येते. जळालेल्या क्लेतून मात्र घातक वायू निघतो, तेव्हा करपल्याचा वास येताच ओव्हन बंद करून खिडक्या उघडाव्यात. मायक्रोवेव्ह यासाठी चालत नाही. या कामाची भांडी, लाटणे व सुरी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये.

गरम फूल किंचित लवचीक असते, म्हणून निवेपर्यंत त्याला हात लावू नये. नंतर कडा बारीक पॉलिश पेपरने पाण्यात घासाव्यात. चकाकी हवी असल्यास पाण्यावर आधारित व्हार्निश द्यावे; नेलपॉलिशचा थर अनेकदा कायम चिकट राहतो. (मला स्वतःला सोनकीला चकाकी नकोच वाटते.) छिद्रातून कडी घालून पकडीने ती बाजूला सरकवून मिटवावी, ओढून उघडू नये, आणि मग आकडा अडकवावा. ज्यांचे कान लवकर चिघळतात त्यांच्यासाठी सर्जिकल स्टीलचे आकडे घ्यावेत.

उरलेली क्ले झिपच्या पिशवीत घालून सावलीत ठेवावी. एप्रिल-मे महिन्यांत ती उन्हातल्या स्कूटरच्या डिकीत राहिली तर अर्धवट भाजून निकामी होते. मिसळलेल्या रंगांचे तुकडे टाकून न देता त्यांचा गोळा करावा आणि पुढे मणी करताना तो आत घालून वर नव्या रंगाचा पातळ थर द्यावा.