बॅच की सीएसटीआर? आधी चेन किती वेळ जगते ते बघा

पॉलिमरचा पीडीआय म्हणजे चेनच्या लांबीतला पसारा (१ म्हणजे सगळ्या चेन सारख्या), तो आवरायचा असेल तर आधी दोन कालावधी शेजारी मांडा. एक चेन सुरू होऊन संपेपर्यंत किती वेळ जातो आणि माल रिअ‍ॅक्टरमध्ये सरासरी किती वेळ राहतो.

फ्री रॅडिकल पद्धतीत (चेनचं टोक जोडी नसलेल्या इलेक्ट्रॉनमुळे क्रियाशील असतं) चेन साधारण सेकंदभरात उरकते आणि माल आत तासन्‌तास असतो. सीएसटीआरमध्ये (ढवळता रिअ‍ॅक्टर, माल सतत आत येतो आणि बाहेर जातो) मोनोमरचं, म्हणजे ज्या सुट्या रेणूंची चेन बनते त्यांचं, प्रमाण स्थिर राहतं त्यामुळे प्रत्येक चेनला सारखंच वातावरण मिळतं, पीडीआय १.५ ते २ च्या आसपास येतो. बॅचमध्ये (एकदाच भरून शेवटी रिकामा करायचा रिअ‍ॅक्टर) मोनोमर संपत जातो, सुरुवातीच्या आणि शेवटच्या चेन वेगळ्या लांबीच्या होतात, म्हणून पसारा वाढतो. त्यात एमएमए (अ‍ॅक्रिलिकचा मोनोमर) बल्कमध्ये, म्हणजे पाणी किंवा सॉल्व्हंट न घालता, करत असाल तर जेल इफेक्ट सांभाळा, माल घट्ट झाला की चेन एकमेकींना भेटून संपतच नाहीत, लांबी आणि टेम्परेचर दोन्ही सुटतात! पण एलडीपीईसारखं (कमी घनतेचं पॉलिइथिलीन) जिथे ब्रँचिंग होतं तिथे सीएसटीआरवर भरवसा ठेवू नका, आत कायम तयार पॉलिमर भरलेला असतो, फांद्या फुटत राहतात आणि पसारा उलट वाढतो.

लिव्हिंग अ‍ॅनायोनिकला, म्हणजे जिथे चेन आपोआप संपत नाहीत तिथे, सगळं उलटं. स्टायरिन आणि ब्युटिल लिथियम (चेन सुरू करणारं) बॅचमध्ये नीट केलं तर सगळ्या चेन एकदम सुरू होतात, पीडीआय १.१ च्या खाली. तेच सीएसटीआरमध्ये टाकलं की कोणी दोन मिनिटांत बाहेर, कोणी तासभर आत, पीडीआय थेट २ कडे. स्टेप ग्रोथलाही (टोकाला टोक जुळत चेन वाढते) हाच त्रास, म्हणून तिथे बॅच नाहीतर प्लग फ्लो (नळीतून माल न मिसळता पुढे सरकतो) बरा, आणि ९९% कन्व्हर्जन झालं तरी सरासरी १०० युनिटच हे विसरू नका.

आता पद्धत. सस्पेन्शन म्हणजे पाण्यातल्या थेंबाथेंबात बल्कच, फक्त उष्णता पाणी ओढून नेतं. पीव्हीसीची के व्हॅल्यू (चेनच्या सरासरी लांबीचं माप) मुख्यतः टेम्परेचरवर ठरते, कारण चेन मोनोमरकडेच ट्रान्सफर होऊन तुटते, तेव्हा इनिशिएटर (चेन सुरू करणारं रसायन) कमीजास्त करत बसू नका. इमल्शनमध्ये (साबणासारख्या पदार्थाने पाण्यात टिकवलेले अतिसूक्ष्म कण) रॅडिकल वेगवेगळ्या कणांत अडकलेले, म्हणून चेन लांब आणि वेगही जास्त.

कधीकधी पसारा मुद्दाम हवा असतो. पीई १०० (पाण्या-गॅसच्या पाइपचा ग्रेड) पाइपचा एचडीपीई (जास्त घनतेचं पॉलिइथिलीन) सहसा दोन रिअ‍ॅक्टर एकामागे एक लावून करतात, एकात हायड्रोजन भरपूर म्हणजे छोट्या चेन, दुसऱ्यात कमी हायड्रोजन आणि कोमोनोमर (सोबत घातलेला दुसरा मोनोमर). असल्या मालाचा पीडीआयचा आकडा एकटा बघून काही कळत नाही, जीपीसीचा (चेन आकारानुसार वेगळ्या करून मोजणारी चाचणी) पूर्ण कर्व्ह मागवा.