जुना राउटर वापरून एकच इंटरनेट सगळ्या कॉम्प्युटरना कसं द्यायचं

फायबरचा डबा हॉलमधे आणि आतल्या खोलीत रेंज नाही, की लगेच सगळे सांगतात रिपीटर (वायफायचा सिग्नल पकडून पुढे देणारा डबा) घे. नका घेऊ. स्वस्तातला रिपीटर ज्या रेडिओवर सिग्नल घेतो त्याच रेडिओवर पुढे देतो, स्पीड जवळपास निम्मा होतो. माळ्यावर जुना राउटर पडला असेल तर तो काढा.

आधी हॉलपासून खोलीपर्यंत कॅट ५ई केबल टाका, पण जोडू नका. जुना राउटर रिसेट करा.

आता खरी भानगड. घरात आयपी पत्ते (नेटवर्कवर प्रत्येक कॉम्प्युटरला मिळणारा नंबर) वाटणारा एकच पाहिजे आणि ते काम हॉलमधल्या डब्याचं. तो डबा आणि जुना राउटर दोघंही वाटायला लागले की एक कॉम्प्युटर चालतो, दुसरा बंद, संध्याकाळी उलटं, आणि आपण उगाच कंपनीला फोन लावतो. मला यानेच सगळ्यात जास्त छळलंय म्हणून क्रम नीट सांगतो.

हॉलमधल्या डब्याचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे असं धरू (तुमचा वेगळा असेल तर त्याप्रमाणे आकडे बदला). त्याच्या डीएचसीपीची (पत्ते वाटायची सोय) रेंज १९२.१६८.१.१० पासून सुरू करा, म्हणजे खालचे पत्ते मोकळे राहतात. मग फक्त जुना राउटर कॉम्प्युटरला केबलने जोडून त्याच्या लॅन (घरातलं नेटवर्क) सेटिंगमधे आयपी १९२.१६८.१.२ करा, सेव्ह करा, नव्या पत्त्यावर परत लॉगिन करा आणि आत्ता डीएचसीपी बंद करा. आधी डीएचसीपी बंद केलंत तर कॉम्प्युटरला पत्ताच मिळत नाही, १६९.२५४ ने सुरू होणारा काहीतरी दिसतो आणि सेटिंगचं पान उघडत नाही, मग हाताने आयपी टाकत बसा.

हॉलमधून आलेली केबल जुन्या राउटरच्या लॅन पोर्टमधेच घाला. वॅन (बाहेरून इंटरनेट येणारा) पोर्ट रिकामा. वरच्या सेटिंग न करता वॅनमधे घातली तरी नेट बहुतेक चालतं, म्हणून लोक तसंच ठेवतात, पण खोलीचं नेटवर्क वेगळं पडतं आणि तिथल्या कॉम्प्युटरवरचं शेअर केलेलं फोल्डर हॉलमधून दिसत नाही.

वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे सारखं, चॅनल मात्र वेगळं, २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११.

शेवटी खोलीतल्या विंडोज कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्टमधे आयपीकॉन्फिग (ipconfig) चालवा. डिफॉल्ट गेटवे (कॉम्प्युटर इंटरनेटसाठी ज्याच्याकडे जातो तो पत्ता) १९२.१६८.१.१ आला तर झालं काम, शेवटी २ दिसला तर जुन्या राउटरचं डीएचसीपी अजून चालूच आहे.