मिशी, मास्क आणि सेंट थॉमसची खाडी

हिवाळ्यातली कॅरिबियन क्रूझ ठरली असेल आणि अमेरिकेच्या व्हर्जिन बेटांपैकी सेंट थॉमसला कयाक-स्नॉर्केलिंगची सहल धरली असेल (म्हणजे छोटी होडी वल्हवत जायचं, आणि डोळे-नाक झाकणारा काचेचा मास्क व तोंडात नळी लावून पालथं तरंगत पाण्याखालचं बघायचं), तर तयारीची सुरुवात बॅगेपासून नको, मास्कपासून करा. बाकी विसरलेलं काहीही जहाजावर चौपट भावात का होईना, मिळतं. मास्क घालून तोंडाने श्वास घ्यायची सवय मात्र विकत मिळत नाही.

आमच्याकडे हे बाबांमुळे कळलं. बाबा सातारचे, मिशी चाळीस वर्षं सांभाळलेली. खाडीत तोंड पाण्यात घातलं की नाकाखालून पाणी आत यायचं. पट्टा आवळून झाला, मास्क बदलून झाला, तरी तेच. मास्कची सिलिकॉनची कड कातडीला चिकटली तरच पाणी थांबतं. केसांवर बसली की फट राहतेच. वाटाड्या मुलाने बोटाने मिशीकडे खूण केली, तर बाबा मला म्हणाले, "त्याला सांग, मासे नाही दिसले तरी चालतील." दुसऱ्या दिवशी जहाजावर नखं कापायच्या कात्रीने त्यांनी स्वतःच नाकाखालची चिमूटभर पट्टी साफ केली, पण तोवर सेंट थॉमस मागे पडलं होतं. तेव्हा मिशीवाल्यांनी ही वाटाघाट घरूनच उरकून यावं.

मास्क स्वतःचा घेणार असाल तर दुकानातच पारखा. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने हलकेच श्वास ओढा. हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर तो तुमचा. चष्मा मास्कच्या आत मावत नाही. अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या फरकाने तयार मास्क मिळतात, तो घ्या. नाहीतर आईसारखं होईल. "खाली काहीतरी पिवळं गेलं," एवढंच तिचं निसर्गवाचन. नव्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, तो साध्या पांढऱ्या टूथपेस्टने चोळून काढा. पाण्यात उतरण्याआधी आतून बेबी शॅम्पूचा थेंब फिरवून खंगाळलं की वाफ धरत नाही. मग टबात किंवा सरळ बादलीत तोंड घालून पाच मिनिटं नळीने श्वास घ्या. घरचे हसतील, हसू द्या. नळीत पाणी शिरलं की घाबरून मान वर काढायची नसते, जोरात "फू" करून ते उडवायचं असतं. पोहता येत नसलं तरी अडत नाही, अंगात घालायला हवा भरलेलं जॅकेट देतात. पण तसं आधीच सांगा, पाण्यात उतरल्यावर नको.

सनस्क्रीनची बाटली उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचा. ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट आणि ऑक्टोक्रायलीन असलेल्या सनस्क्रीनवर या बेटांवर 2020 पासून बंदी आहे, कारण ती प्रवाळाला घातक ठरतात. झिंक ऑक्साइडवालं घ्या. त्याने तोंड पांढरं दिसतं, फोटोत सगळे नाटकातून आल्यासारखे वाटतात, त्याला इलाज नाही. त्यापेक्षा लांब बाह्यांचा रॅश गार्ड (पोहताना घालायचा घट्ट सदरा) आणि पायघोळ पोहण्याची पँट घातली की निम्मं सनस्क्रीन वाचतं, आणि स्विमसूट नको म्हणणाऱ्या आई-मावशांचाही प्रश्न सुटतो. पालथं तरंगताना गुडघ्यांच्या मागची लवण, मान आणि टक्कल भाजतं, आणि तिथेच लावायचं राहतं.

पायात बंद, पाण्यात चालणारे बूट हवेत. चपला कयाकमधून उतरताना चिखलात रुतून राहतात. बेटाच्या आग्नेयेची ही खाडी म्हणजे आपल्याकडचं कांदळवनच. तांबडा मॅन्ग्रोव्ह आपल्या कांदळाच्याच कुळातला, तशीच कमानीसारखी मुळं पाण्यात टेकवून उभा. वास मात्र आमच्या मालवणच्या आत्याच्या परसातला, हे मी शपथेवर सांगते. तळाशी कॅसिओपिया नावाच्या जेलीफिश उलट्या, तोंड वर करून निजलेल्या असतात; दुरून फ्लॉवरचे गड्डे पडल्यासारखे दिसतात. पाय मारून गाळ ढवळलात तर अंगाला खाज सुटते. प्रवाळावर उभं राहायचं नाही, हातही लावायचा नाही. प्रवाळाचा भराभर पसरणारा एक रोग 2019 मध्ये या बेटाशी आढळला, आणि उरलंसुरलं प्रवाळ आपल्या टाचांखाली नको. किनाऱ्यावर हिरव्या, छोट्या सफरचंदासारखी फळं पडलेली दिसली तर मुलांना आधीच बजावून ठेवा: ते मॅन्चिनीलचं झाड असू शकतं. फळ विषारी, चीक कातडी भाजणारा, आणि पावसात त्याच्याखाली आडोशालाही उभं राहायचं नसतं.

कयाक बहुधा दोघांची असते. जड माणूस मागे, आणि दिशा मागच्याच्या हातात. नवरा-बायकोने एकाच कयाकमध्ये बसावं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. वल्ह्याचा खोलगट भाग आपल्याकडे ठेवायचा. वारा बहुतेक पूर्वेचा, म्हणून कोणत्या बाजूला जाताना तो तोंडावर येईल हे निघण्याआधीच विचारून घ्या आणि तेवढा दम राखून ठेवा. फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालण्याआधी त्या पिशवीत टिश्यू पेपर घालून ती सिंकमध्ये बुडवून बघा. चष्म्याला मागून दोरी हवीच.

कागदपत्रांचं थोडक्यात. अमेरिकेने ही बेटं 1917 मध्ये डेन्मार्ककडून अडीच कोटी डॉलरला घेतली, त्यामुळे डॉलर चालतात. पण तीच क्रूझ पुढे-मागे दुसऱ्या देशांच्या बेटांनाही लागते, म्हणून परत अमेरिकेत शिरायला पासपोर्टमधला अमेरिकेचा व्हिसा चालू हवा, आणि भारतातून आलेल्या आई-बाबांचा तो अनेकदा प्रवेशाचा हवा. हे तिकीट काढण्याआधी तपासा. उतरताना जहाजाचं कार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. टॅक्सीला आणि टिपला सुट्या नोटा ठेवा. गाड्या डावीकडून चालतात, स्टिअरिंगही डावीकडेच. न्यू जर्सीत दहा वर्षं काढलेला माणूस रस्ता ओलांडताना भलतीकडे बघतो आणि आई-बाबा बरोबर बघतात. फळं किंवा घरगुती डबा खाली न्यायचा नाही. चिवड्याचं बंद पाकीट चालतं. उलटीचा त्रास असणाऱ्यांनी गोळी आदल्या रात्रीच घ्यावी. आलेपाक सोबत असू द्या, पण एकट्या आलेपाकाच्या भरवशावर राहू नका.

आता घड्याळ. हिवाळ्यात सेंट थॉमस मायामीच्या एक तास पुढे असतं आणि जहाज कोणती वेळ पाळतं ते त्या दिवशीच्या पत्रकात छापलेलं असतं. फोन आपोआप बेटाची वेळ दाखवतो, म्हणून साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून घाला. सहल जहाजाकडूनच घेतली असेल आणि उशीर झाला तर ते सहसा थांबतात. बाहेरून स्वस्तात घेतली असेल तर थांबत नाहीत. धक्क्यापासून खाडीपर्यंत गर्दीच्या वेळी अर्धा-पाऊण तास धरा. जहाजावर चढायच्या शेवटच्या हाकेच्या दीड तास आधी धक्क्यावर परत, असा हिशेब आम्ही ठेवला होता.

परतीसाठी कोरडे कपडे एका पिशवीत, ओल्यांसाठी दुसरी रिकामी पिशवी. आणि जहाजाचे टॉवेल मोजून न्या, मोजून आणा. आमच्या पाचातला एक खाडीवरच राहिला आणि बिलात त्याचे पैसे लागले. आई अजून म्हणते की तो बाबांनी मिशी पुसायला घेतला होता.