पॉप-टॉपच्या कापडावर ओल आणि काळे ठिपके – शेवटी काय चाललं

जुनी कॅम्परव्हॅन (आत झोपायची सोय असलेली गाडी) आहे, तिचं पॉप-टॉप, म्हणजे वर उचललं जाणारं, बाजूंना कापड असलेलं छत उघडलं की कुबट वास, कापडाच्या खालच्या घडीत मिरीएवढे काळे ठिपके आणि शिवणीखाली चहासारखा पिवळा ओघळ. आधी ब्लीच मारलं, ठिपके फिके झाले पण महिन्याभरात परत हजर, वर शिवणीचा दोराही कमकुवत झाला. मग मळक्या कापडावरच वॉटरप्रूफिंग स्प्रे मारला, तो शुद्ध मूर्खपणा. दोन पावसाळे यातच गेले, वैताग आला नुसता.

मग आधी शोधलं की पाणी येतंय कुठून. छत उघडून आतून शिवणीला टिश्यू चिकटवले आणि पाइपने खालून वर हळूहळू पाणी सोडलं, फक्त पुढच्या कोपऱ्यातला टिश्यू भिजला, म्हणजे गळती तेवढीच, बाकीची ओल रात्रभराच्या श्वासाची वाफ.

मग कोरड्या ब्रशने बुरशी बाहेरच्या बाजूला झाडली (मास्क लावा), पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून मारलं, तासभर ठेवून मऊ ब्रशने घासलं, साध्या पाण्याने धुतलं. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र अजिबात नको, विषारी वायू होतो. छत उघडंच ठेवून दोन दिवस खडखडीत वाळवलं, मग त्या कोपऱ्यात सीम सीलर (शिवणीची भोकं बुजवणारं द्रावण), तो सुकल्यावर कापडाच्या प्रूफिंगचे दोन हात.

पिवळा डाग पुसट झाला, गेला नाही. आता झोपताना खिडकी दोन बोटं उघडी ठेवतो, आणि ओलं छत बंद करावंच लागलं तर घरी पोचल्या पोचल्या परत उघडतो.