उताराच्या परड्यात वाळा

वाळा म्हणजे सुगंधी मुळांचं गवत. उताराच्या परड्यात, म्हणजे घरामागच्या जागेत, त्याची आडवी ओळ माती आणि बांध धरून ठेवते. वाळ्याचं बी शोधत बसू नका. परड्यात लावतात तो फुटव्यांनीच, म्हणजे बुंध्यातून निघणाऱ्या कोंबांनीच, वाढतो. जोमदार ठोंब खणून दोन-तीन फुटव्यांचे जुडगे सोडवा. पाती वीतभर आणि मुळं दोन इंच ठेवून बाकी छाटा. लांब पाती तशीच राहिली तर पाणी उडत राहतं, तुटक्या मुळांना ते पुरवता येत नाही आणि फुटवा चार दिवसांत सुकतो. लावेपर्यंत ओल्या गोणपाटात ठेवा.

मिरगाचा पाऊस लागून माती वीतभर भिजली की लावा. ऑगस्ट उजाडू देऊ नका, नाहीतर मुळं खोल जाण्याआधीच ऑक्टोबरचं ऊन गाठतं.

ओळ उताराला आडवी हवी, आणि ती नजरेने आखू नका. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घ्या. दोन्ही टोकांना पाणी जिथे समान येईल तिथे खुंट्या ठोका. ओळ एका बाजूला कलली तर पाणी तिकडे धावतं आणि तिथेच घळ पाडतं. सहा इंचांवर एक जुडगा, म्हणजे दहा फुटांना साधारण 40 ते 60 फुटवे. मुळं खड्ड्यात सरळ सोडा, वर वळू देऊ नका, माती घट्ट दाबा. गणपतीपूर्वी ओळ चालून पाहा आणि मेलेल्या जागा लगेच भरा: एका खिंडारातून अडलेलं सगळं पाणी फुटतं. कातळावर आधी फूटभर चर खणून माती भरावी लागते. आंबा-काजूच्या दाट सावलीत मात्र लावूच नका, तिथे तो विरळच राहतो.

दुसऱ्या वर्षापासून पावसाच्या तोंडाशी दीड फुटावर कापा. कापलेली पाती माडाच्या आळ्यात पसरायला उत्तम.

माठात टाकायला मुळं हवीत म्हणून बांधावरची ओळ खणणं हा शुद्ध वेडेपणा. ज्यासाठी लावली तो बांधच सुटतो. मुळांसाठी वाळा वेगळा, पोत्यात लावा. सिमेंटची धुतलेली पोती घ्या, दुहेरी, कारण एकेरी पोत्याच्या उन्हाने वर्षात चिंध्या होतात. तळाला भोकं पाडा, निम्मी वाळू, निम्मी माती आणि दोन घमेली शेणखत भरा. पोतं चिऱ्यांवर उभं करा, नाहीतर मुळं खालच्या जमिनीत शिरतात. पाऊस थांबला की पाणी द्या. दीड वर्षाने पोतं फाडा, मुळं धुऊन सावलीत वाळवा. कडक उन्हात वास उडतो. वरचा ठोंब ओल्या वाळूत जगवा, पुढच्या मिरगाला ओळीतली खिंडारं भरायला तोच लागेल.