नाटकाच्या शीर्षकासाठी अक्षर शोधताना

स्क्रीनवर फॉन्ट चाळण्याआधी रंगवलेल्या पाट्या बघा. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली शीर्षकंही जमवा. नाटकाचा स्वभाव अक्षरातच कसा उतरतो, ते तिथे दिसतं.

पाटीचा फोटो शक्यतो समोरून, तिच्याच उंचीवरून काढा. खालून काढला की वरचा भाग आक्रसतो आणि शिरोरेषेची जाडी चुकीची वाटते. प्रिंटवर ट्रेसिंग पेपर ठेवून पूर्ण शब्द गिरवू नका. अ, ण, झ, श, ल एवढीच अक्षरं घ्या, कारण हात कुणाचा ते यांतच कळतं. काना शिरोरेषेला कुठे भेटतो, वेलांटी किती पुढे झुकते, जोडाक्षरात कोणतं अक्षर दबतं, हे लाल पेन्सिलीने खुणवा.

मग मूळ चित्र बाजूला ठेवून तिरक्या टोकाच्या बोरूने तोच शब्द 10 वेळा लिहा. चित्र समोर राहिलं तर नक्कलच होते. रोमन कॅलिग्राफीत लेखणी ज्या कोनात धरतात, तो इथे चालत नाही. देवनागरीत जाडी उलट्या तिरप्या रेषेवर येते.

संगणकावर शीर्षक टाइप केलंत, तर मजकुराची भाषा मराठी निवडा. नाहीतर बऱ्याच फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात, आणि मराठी शीर्षकात ते लगेच खटकतात.