क्लाउडवरचा डेटाबेस रिस्टोअर करताना या चुका टाळा

दिंडोरीतल्या एका द्राक्ष पॅकहाऊसचं सॉफ्टवेअर आम्ही सातपूरमधून सांभाळतो. ऐन हंगामात संध्याकाळी सहाच्या सुमारास आमच्याच पोरानं अपडेट क्वेरी चालवली, ‘व्हेअर’ (कोणत्या नोंदी बदलायच्या ती अट) लिहायचा राहिला, आणि दिवसभराच्या सगळ्या क्रेटचं वजन एकसारखं झालं. कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी, पट्ट्या छापायला घेतल्यावर. डेटाबेस ॲमेझॉन आरडीएसवर (ॲमेझॉनच्या क्लाउडवरची डेटाबेस सेवा), बॅकअप चालू, म्हणून मी निवांत होतो.

बॅकअपमधून ठरावीक वेळेचा डेटा परत आणायच्या, म्हणजे रिस्टोअरच्या, कमांडमध्ये मी आदल्या दिवशीचे 17:55 टाकले. कमांड ती वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरते, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागची. मी मागितला रात्री 11:25 चा डेटा! रिस्टोअर पूर्ण झाला आणि तीच चुकीची वजनं समोर. टाकायला हवे होते 12:25. आता आम्ही दोन्ही वेळा आधी कागदावर लिहितो.

रिस्टोअर जुन्या डेटाबेसवर होतच नाही, शेजारी नवा इन्स्टन्स (वेगळा डेटाबेस सर्व्हर) उभा राहतो, त्याचा एंडपॉइंट (जोडणीचा पत्ता) वेगळा. ॲप मात्र जुन्याच पत्त्यावर जात राहतं. नव्याला जोडताना ‘टाइमआउट’ आला तर पासवर्डशी झटापट करू नका, आधी सिक्युरिटी ग्रुप (कुणाला जोडू द्यायचं त्याचे नियम) बघा. बहुतेक वेळा डीफॉल्ट लागलेला असतो. ‘ॲक्सेस डिनाइड’ आलं तर युझर-पासवर्ड तपासा. सुरुवातीच्या क्वेऱ्या रेंगाळल्या तरी घाबरू नका, डेटा लागेल तसा एस-थ्री या ॲमेझॉनच्या साठवणुकीवरून उतरत असतो.

घाईत ॲप नव्याकडे वळवणं ही माझ्या मते सगळ्यात महागडी चूक. सकाळपासून आलेल्या गाड्यांच्या नोंदी जुन्यातच होत्या! आम्ही नव्यातून फक्त वजनाचा कॉलम उचलला आणि जुन्यात भरला. जुना इन्स्टन्स लगेच डिलीटही करू नका. तेव्हा ऑटोमॅटिक बॅकअप राखण्याचा पर्याय निवडला नाही, तर तेही जातात. हातानं घेतलेले स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या डेटाबेसच्या प्रती) तेवढे राहतात.

ऑटोमॅटिक बॅकअप जास्तीत जास्त 35 दिवस टिकतात. कमांडनं डेटाबेस बनवला आणि मुदत सांगितली नाही, तर एकच दिवस. शेतकरी वजनाची तक्रार दोन महिन्यांनी घेऊन येतो, त्यासाठी दरमहा स्नॅपशॉट हवाच.

मायएसक्यूएल डंप (डेटाबेसची फाइलमधली प्रत) घेत असाल तर प्रोसिजर (डेटाबेसमध्ये साठवलेले छोटे प्रोग्रॅम) आणि इव्हेंट (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) आपोआप येत नाहीत, ते पर्याय मुद्दाम द्यावे लागतात. कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ8एमबी4 ठेवा. शेतकऱ्यांच्या नावांजागी प्रश्नचिन्हं साठवली गेली, की ती नावं त्या प्रतीतून परत मिळत नाहीत.

आणि डंप खरंच तयार होतोय का, हे उघडून बघा. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या प्रोग्रॅमचा कोड सांभाळणाऱ्या सेवेचा सुमारे सहा तासांचा डेटा गेला. त्यांचा डंप जुन्या आवृत्तीच्या साधनामुळे आधीपासून फसत होता आणि फसल्याचे मेल पोहोचतच नव्हते.

आम्ही रिस्टोअरची तालीम गोडी छाटणीच्या (द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीच्या) दिवसांत घेतो, तेव्हा पॅकहाऊस रिकामं असतं. तालमीचा इन्स्टन्स मात्र आठवणीनं काढा, त्याचं बिल चालूच असतं.